चुंबक नाही, सेन्सरही नाही

[दृश्य: सकाळ, गाळ्याचं शटर वर जातं]

ठाण्याची वागळे इस्टेट. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना जाहीर झाली ती इथेच. या गाळ्यात दिवसभर मोटरी रिवाइंड होतात. मागच्या टेबलावर मात्र वेगळंच काम चाललंय.

[दृश्य: रोटर, जवळून]

हा रोटर पाहा. पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचलेल्या, सहा दात, मधून शाफ्ट. चुंबक नाही, तारही नाही. तांबं आहे ते बाहेरच्या स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, आठ दातांवर. समोरासमोरच्या दोन दातांवरची गुंडाळी मिळून एक फेज, अशा चार फेज. एका फेजमध्ये करंट सोडला की रोटरचा जवळचा दात तिच्यासमोर खेचला जातो. मग पुढची फेज, मग तिच्या पुढची. ही स्विच्ड रिलक्टन्स मोटर. इतकी साधी आणि भक्कम रचना आपल्याकडे अजून दुर्लक्षित आहे.

अडचण वेळेची. दात समोर येत असताना करंट मिळाला तर मोटर पळते. दात पुढे निघून गेल्यावरही तो उरला तर तोच ब्रेक लावतो. त्यासाठी शाफ्टवर एन्कोडर, म्हणजे रोटरचा कोन सांगणारा सेन्सर, बसवतात. आणि धूळ, तेल, उष्णता यांच्यापुढे सगळ्यात आधी मान टाकतो तो हाच.

[दृश्य: स्कोपचा पडदा, हाताने फिरवलेला रोटर]

मग एन्कोडरशिवाय दात कुठे आहे हे कसं कळणार? आता स्कोपकडे बघा, करंट कसा चढतो ते रेघेने दाखवणारं हे यंत्र. मोटर थांबलेली आहे. चारही फेजना पाळीपाळीने सारख्याच व्होल्टेजचा, सारख्याच वेळेचा पल्स मिळतो. इतका छोटा, की रोटर जागचा हलत नाही. ज्या फेजची रेघ सर्वांत बुटकी, तिच्यासमोर दात आहे. दात समोर आला की हवेची फट कमी होते, इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला गुंडाळीचा अडथळा, वाढतो आणि करंट सावकाश चढतो. रोटर १५ अंश फिरवला... बघा, शेजारची रेघ खाली बसली.

[दृश्य: डिव्हायडिंग हेड (रोटर मोजून अंशाअंशाने फिरवणारं साधन), आवळणारे हात]

वेग वाढला की पल्सला सवड उरत नाही. मग फेजला दिलेल्या व्होल्टेजमधून तारेच्या रेझिस्टन्सने खाल्लेला भाग वजा करायचा आणि उरलेल्याची क्षणाक्षणाला बेरीज करत जायचं. ही बेरीज म्हणजे फ्लक्स. फ्लक्स आणि करंट हाती आले की तक्त्यात रोटरचा कोन सापडतो.

तो तक्ता इथे तयार होतोय. दोन दातांमधल्या खाचेपासून दात नेमका समोर येईपर्यंत ३० अंश. दर अंशाला थांबायचं, रोटर घट्ट आवळायचा, पल्स द्यायचा, नोंद करायची. अशा ३१ जागा. आवळताना रोटर केसभर सरकला तरी ती नोंद रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पलीकडचे ३० अंश याचंच प्रतिबिंब असल्याने मोजावे लागत नाहीत.

तांबं तापलं की रेझिस्टन्स दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो आणि बेरीज चुकायला लागते. कमी वेगात ही चूक जास्त साचते, म्हणून तिथे पुन्हा पल्सच. गरम वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजताहेत ते या गाळ्यातले जुने वाइंडर; तारेचा स्वभाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक?

[दृश्य: एन्कोडरची वायर काढतात, मोटर सुरू होते]

[निवेदन थांबतं, फक्त मोटरचा आवाज]

एप्रिल २०२५मध्ये चीनने रेअर अर्थ चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि आपले वाहन कारखाने अडचणीत आले. या मोटरला ते चुंबक लागतच नाहीत. तिचा आवाज आणि टॉर्कमधले, म्हणजे फिरवणाऱ्या जोरातले, हिसके कमी करायचं काम अजून बाकी आहे.