साल्वातोर बंधू आणि न मागितलेले आयुष्य

श्रोतेहो, ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही अमेरिकी मालिका २००९ ते २०१७ या काळात आठ पर्वे चालली आणि तिच्याविषयी बोलताना बहुतेक जण नायिका एलेना कोणाची, स्टेफन की डेमन या व्हॅम्पायर साल्वातोर भावांपैकी, यावरच हिरिरीने भांडतात. मला मात्र या भावांमधली खरी तेढ एलेनाच्या जन्मापूर्वीची, थेट १८६४ सालची वाटते.

व्हर्जिनियातल्या मिस्टिक फॉल्स या काल्पनिक गावात कॅथरीन ही व्हॅम्पायर साल्वातोरांकडे पाहुणी म्हणून येते आणि दोन्ही भावांना नादी लावते. वडील जुसेपे यांचा जीव धाकट्या स्टेफनवर. सैन्य सोडून घरी आलेला थोरला डेमन त्यांच्या लेखी नालायक. स्टेफन वडिलांपाशी विश्वासाने बोलतो, ते त्याच्या नकळत त्याच्या पेयात व्हर्वेन ही व्हॅम्पायरला बाधणारी वनस्पती मिसळतात आणि त्याचे रक्त प्यायलेली कॅथरीन कोसळून पकडली जाते. तिला सोडवायला गेलेल्या दोन्ही मुलांना बापाचीच गोळी लागते.

अंगात व्हॅम्पायरचे रक्त असताना मेलेला माणूस पुन्हा जागा होतो, पण त्यानंतर मानवी रक्त प्यायला नाही तर कायमचा संपतो, हा मालिकेचा नियम इथे कळीचा ठरतो, कारण कॅथरीनचे रक्त दोघांच्याही अंगात आधीच गेलेले असते. कॅथरीन गेली असे समजून डेमन संपून जायचे ठरवतो. स्टेफन मात्र वडिलांना भेटायला जातो, झटापटीत त्यांचा जीव जातो, त्यांच्या रक्ताची चव त्याला लागते आणि मग तो एका मुलीला घेऊन भावापाशी येतो. तिच्या मानेवर जखम करून तो भावाला तिच्याकडे ढकलतो. आपण भावाला जगवले, असे त्या घटकेला तो मानतो. प्रत्यक्षात त्याने मरण्याचा भावाचा निर्णय मोडलेला असतो, आणि तोही बहुधा एकटे उरण्याच्या भीतीने. तुला कायम दुःखात ठेवीन, अशी शपथ डेमन घेतो ती यानंतर.

पुढे स्टेफन प्राण्यांच्या रक्तावर राहून जे संयमाचे व्रत चालवतो, त्याच्या तळाशी हा अपराधभाव आहे. डेमनचे वैरही दिसते तितके निर्मळ नाही, कारण कॅथरीनने आपल्या एकट्याला न निवडता धाकट्यालाही व्हॅम्पायर केले, हे आपले खरे शल्य असल्याचे तो पुढे स्वतःच कबूल करतो. पहिल्या पर्वातली ही कबुली मला साऱ्या मालिकेतली सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण इतकी वर्षे मोठ्या अन्यायाच्या नावाने जपलेला राग प्रत्यक्षात साध्या मत्सराचा होता, हे त्यातून उघड होते. दुसऱ्या पर्वाअखेरीस डेमनला वेअरवुल्फच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या, चाव्याचे विष भिनते तेव्हा उतारा मिळावा म्हणून स्टेफन तो उतारा ज्याच्याकडे आहे त्या क्लाउस या खलनायकाच्या हवाली होतो, पुन्हा मानवी रक्ताच्या आहारी जातो, आणि ऋणको आता थोरला होतो.

शेवटच्या भागात, २०१७ साली, मरायला निघालेला डेमन संमोहनाने भावाला दूर पाठवू पाहतो, पण स्टेफनच्या अंगात या वेळी जाणूनबुजून घेतलेले, संमोहन निष्फळ करणारे व्हर्वेन असते. तोवर पुन्हा माणूस झालेला स्टेफन व्हॅम्पायरला माणूस करणारा, आपल्या रक्तातला उपाय सुईने डेमनला टोचतो, त्याला माणूस करतो आणि त्याच्या जागी स्वतः मरतो. मालिका याला प्रायश्चित्त मानते. मला ते मान्य करणे जड जाते, कारण डेमनने मरणाचा निर्णय घेतलेला असताना त्याला न विचारता त्याच्या अंगात रक्त घालून त्याला जगायला लावणे, हेच तर स्टेफनने १८६४ सालीही केले होते.