फोन घरी येतो तेव्हा शाळा भरते

नमस्कार श्रोतेहो. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते, आणि आज तुमच्याशी बोलायचंय ते यंदाच्या, म्हणजे २०२० सालच्या शाळेबद्दल, जी १५ जूनला सुरू तर झाली पण कोरोनामुळं जिचं गेट अजून उघडलेलं नाही त्या शाळेबद्दल. आता जुलै संपत आलाय. भाजीवाल्या मावशी पण विचारतात, काय बाई, ऑनलाइन कसं चाललंय तुमचं? तर कसं चाललंय ते सांगतेच, पण जे मला मनापासून सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. शाळेची वेळ यंदा शाळेनं ठरवून चालणार नाही, ती पोराच्या घराकडं बघून ठरवायला पाहिजे. फोन ज्या वेळी घरात असेल ती शाळेची वेळ.

एरवी आमच्याकडं पहिला दिवस म्हणजे प्रवेशोत्सव. पहिलीच्या पोरांना फुलं द्यायची, कुठं बैलगाडीतून मिरवणूक काढतात, गोडधोड असतं. यंदा तसलं काहीच नाही. मे-जूनमध्ये पुण्या-मुंबईहून गावाकडं आलेल्या लोकांना कितीतरी गावांत शाळेतच क्वारंटाइन केलेलं, म्हणजे ज्या वर्गात फळा आहे त्याच वर्गात लोक गाद्या टाकून झोपलेले, आणि शिक्षकांपैकी कुणी सर्व्हेला, कुणी नाक्यावर ड्युटीला. बालभारतीची पुस्तकं आली ती आम्ही मास्क लावून दारोदार पोचवली. पोषण आहाराचे तांदूळ-डाळी पालकांना बोलावून अंतर ठेवून वाटल्या. खरं सांगू का, ती पुस्तकं वाटताना मला जे बघायला मिळालं ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं, कारण प्रत्येक दारात उभं राहून मी एकच विचारत गेले, फोन कुणाकडं असतो आणि तो घरात किती वाजता असतो?

उत्तरं ऐका. एका पोरीचे वडील गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला, फोन त्यांच्या खिशात, येतात रात्री आठला. ती म्हणाली, "बाई, पप्पा आले की फोन मिळतोय, पण मग ते जेवत्यात तोवरच." एका घरात फोन होता पण बटणाचा. एका घरात चांगला अँड्रॉइड फोन, पण तीन भावंडं, दहावीतली ताई सगळ्यात मोठी, म्हणजे पहिला मान तिचा, मग सातवीतल्याचा, आणि आमचा पाचवीतला शेवटी. एका घरात फोन आहे, रिचार्ज संपलाय, आणि लॉकडाऊनमध्ये काम बंद म्हणून तो मारायचा कधी ते ठरलेलं नाही. एक पोरगा आजी-आजोबांकडं गगनबावड्याच्या बाजूला गेलाय, तिथं घरात रेंजच नाही, रस्त्यावर वर चढून गेलं की दोन काड्या येतात, आणि या पावसात तो कुठं उभा राहणार?

आता तुम्हीच सांगा, सकाळी अकरा वाजता लिंक टाकून "सगळ्यांनी जॉईन व्हा" म्हटलं तर कोण जॉईन होणार? ज्यांच्या घरात जास्तीचा फोन आहे तेच. आणि मग हजेरी घेतली तर त्या फौंड्रीतल्या कामगाराची पोरगी रोज गैरहजर लागणार. ती घरात पुस्तक उघडून बसलीय, तिचा काय दोष ओ? म्हणून आम्ही शाळेत, म्हणजे आम्ही शिक्षकांनी आपसात, ठरवलं की लाइव्हची हजेरी घ्यायचीच नाही. दिवसभराचं काम सकाळी ग्रुपवर पडेल, पोरं आपापल्या वेळी बघतील, आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ मी फोनवर असेन. ज्याच्याकडं बटणाचा फोन आहे त्याला मी स्वतः कॉल करते. माझ्या घरच्यांनीही जेवणाची वेळ पुढं ढकललीय त्यासाठी, आणि कुणी कुरकुर करत नाही, हे मुद्दाम सांगते कारण शिक्षकाच्या घरानं असं सांभाळून घेतल्याशिवाय हे चालूच शकत नाही.

व्हिडिओ मी करते, नाही असं नाही. फ्रीजमधला काचेचा ट्रे काढायचा, दोन बाजूला दोन मोठे डबे ठेवून त्यावर तो आडवा ठेवायचा, ट्रेवर फोन स्क्रीन वर करून ठेवायचा, म्हणजे कॅमेरा काचेतून खाली बघतो, आणि खाली वही ठेवून त्यात गणित सोडवायचं. हात आणि आकडे स्वच्छ दिसतात. देशभरात कितीतरी शिक्षक असलं काय काय करतायत, कुणी खुर्चीला फोन बांधतोय, कुणी हँगरला. पण पंधरा मिनिटांचा व्हिडिओ एका गरीब घराच्या रोजच्या दीड जीबीत बसवायचा, त्यात भावंडांचेही व्हिडिओ, आणि फोनची मेमरी फुल झालेली. झूमचं फुकटातलं मीटिंग तर चाळीस मिनिटांत बंदच होतं, त्यातली पहिली दहा मिनिटं "आवाज येईना बाई", "म्यूट काढ रे" यातच जातात. म्हणून व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच आणि आठवड्यातून थोडेच.

जास्त उपयोगी पडला तो व्हॉइस मेसेज. हे मी रेडिओवर बोलतेय म्हणून नाही सांगत, खरंच तसं आहे. आवाजाला डेटा कमी लागतो, कमी रेंजमध्ये पण जातो, पोरगं तो चारदा ऐकतं, आणि चूल-भांडी करता करता आई पण ऐकते. मी धडा वाचून पाठवते, मधेमधे थांबून, अवघड शब्द आला की तो दोनदा. मग पोरांनी एक परिच्छेद वाचून मला परत पाठवायचा. आणि इथं मला असं काही ऐकायला मिळालं जे भरलेल्या वर्गात कधी नीट ऐकायलाच मिळालं नव्हतं. एकेका पोराचा आवाज, अगदी कानाशी. कोण जोडाक्षराला अडखळतंय, कोण पूर्णविराम खाऊन पुढं पळतंय, कोण ओळीवर बोट ठेवून वाचतंय हे सुद्धा कळतं, कारण ओळ संपली की जरा थांबून मग पुढची सुरू होते. मागं कुकरच्या शिट्ट्या, पत्र्यावर पाऊस, म्हशीचं हंबरणं. वर्गात एक मुलगी आहे, तोंडातून शब्द काढायची नाही, उभी केली की मान खाली. तिनं गोठ्यात बसून वाचलेलं पाठवलं, सलग दीड पान, आणि शेवटी हळूच विचारते, "बाई, थांबू का अजून वाचू?"

गणिताचं मात्र अवघड आहे बघा. वर्गात पोराला कळलं नाही की ते आधी गप्प होतं, मग शेजारच्याच्या वहीत बघतं, आणि बाईला ते लांबूनच कळतं. फोनवर ते कुठून दिसणार? "समजलं का?" म्हणून विचारलं की ग्रुपवर धडाधड "हो बाई" आणि अंगठे. तो अंगठा बघून काही समजत नाही. म्हणून तो प्रश्नच मी सोडून दिलाय. परिमिती शिकवायची होती तर मी सांगितलं, घरातली एखादी वस्तू दोरीनं मोजा, दोरी पट्टीवर धरा, आणि आकडा लिहून फोटो पाठवा. तर कुणी देवाजवळचा पाट मोजला, कुणी दार, कुणी टीव्ही. एकानं लांबी आणि रुंदीच मिळवली, दोनच बाजू, म्हणजे त्याचं कुठं अडलंय ते मला त्या फोटोतच दिसलं, रात्री त्याला फोन केला आणि म्हटलं, आता दोरी सुरू केलीस तिथपर्यंत फिरवून परत आण बघू. आला की बरोबर. आणि एका पोरीनं परात घेतली! परातीला बाजू कुठं असतात? तिनं कडेनं दोरी फिरवली, मोजली, आणि खाली लिहिलं, "याला कोपरे नाहीत तरी परिमिती आली." गोलाचा परीघ पाचवीला अजून यायचाय, पण तिचा आला.

सरकारी पातळीवर पण हालचाली चालू आहेत, त्या पालकांना माहिती असाव्यात म्हणून सांगते. १४ जुलैला केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं प्रज्ञाता नावाच्या सूचना काढल्यात, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, त्याही ३० ते ४५ मिनिटांच्या, आणि नववी ते बारावीला चार, असं म्हटलंय. म्हणजे तुमच्या लेकराला कुणी पाच-पाच तास स्क्रीनसमोर बसवत असेल तर तुम्ही बिनधास्त विचारू शकता. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा कार्यक्रम सुरू झालाय, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर, आणि त्याला नेट लागत नाही, घरात टीव्ही असला की झालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते दीक्षा ॲपनं स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. आणि परवाच, २५ जुलैला, यंदाचा पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्के कमी केल्याचं जाहीर झालंय. मला हे बरं वाटलं. धावत सगळं संपवण्यापेक्षा थोडं नीट झालेलं केव्हाही चांगलं.

कारण एक लक्षात घ्या, ही आमची नदीकाठची पोरं आहेत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर, तेव्हा यांच्या वह्या-पुस्तकांसकट घरं पाण्यात गेली, शाळा बंद पडली. त्यातून जरा सावरतायत तोवर मार्च उजाडला आणि शाळेला परत कुलूप. परीक्षा न देताच चौथीतून पाचवीत आली ही. एका वर्षात दोनदा ज्यांची शाळा सुटली त्या पोरांना "लिंकवर आला नाहीस, गैरहजर" म्हणायचं माझ्या तरी जिवावर येतं.

आणि आपण कोल्हापूरकर आहोत हो. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत घालणार नाही त्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे आपण २६ जूनला दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्याच्याही आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती, कारण खेड्यातल्या पोरानं शहरात येऊन शिकायचं तर ते राहणार कुठं, जेवणार काय, हे त्यांनी आधी बघितलं. नुसती शाळा उघडून ठेवली, या आता, असं नाही केलं. पोराची अडचण कुठं आहे तिथं जाऊन ती सोडवली. आज अडचण फोनची आहे, रिचार्जची आहे, रेंजची आहे. हा प्रश्न एकट्या शिक्षकाचा नाही आणि एकट्या पालकाचा तर नाहीच नाही. आई-वडील माझ्याशी बोलताना खाली मान घालतात, "बाई, फोन घेऊन देता येईना," म्हणतात. मी त्यांना सांगते आणि आत्ता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, यात तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही संध्याकाळी पोराजवळ पाच मिनिटं बसलात आणि "आज काय वाचलंस, वाचून दाखव बघू" एवढं म्हटलात तरी माझं निम्मं काम होतं, तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालतं, पोरगं वाचतंय आणि कुणीतरी ऐकतंय एवढंच हवं असतं त्याला.

आता काही मागणी करते. तुमच्या घरात कपाटात एखादा जुना फोन पडला असेल, काच तडकलेली असेल, कॅमेरा चालत नसेल, तरी आवाज येतो ना? मग तो जवळच्या शाळेत द्या, मराठी शाळेत द्या, तिथले शिक्षक बरोबर त्याला घर शोधून देतील. गल्लीत एखादं पोर बिनफोनचं असेल तर रोज अर्धा तास तुमच्या ओट्यावर बसवून तुमच्या फोनवरचा धडा त्याला ऐकवा, मास्क लावून, अंतर ठेवून. फौंड्रीवाले, वर्कशॉपवाले मालक कुणी ऐकत असतील तर त्यांनाही विनंती, कामगाराचा फोन दुपारच्या सुट्टीत घरी पोचवता येत नाही हे कळतंय मला, पण तुमच्या ऑफिसातल्या वायफायवर त्याला पोरीचा व्हिडिओ तेवढा डाउनलोड करून घेऊ द्या, म्हणजे रात्री घरी नेट नसलं तरी तो चालेल. आणि शिक्षक मंडळी, तुमच्या वर्गात फोन कुणाच्या घरात किती वाजता असतो याची यादी अजून केली नसेल तर ती याच आठवड्यात करा, एका वहीच्या पानावर मावते, आणि मग वेळापत्रक लावा.

आज इथंच थांबते. साडेसातला पोरांचे फोन सुरू होतील. नमस्कार.