शुक्रवारची परात

(काळी चौकट. फक्त आवाज. मग हळूहळू दृश्य उजळतं : मातीची मोठी परात, तिच्यात फिरणारा तळहात.)

आधी नुसता आवाज ऐका. कोरड्या रव्यावर हात फिरतोय. दाब अजिबात नाही. बोटं थोडी फाकलेली, आणि तळहात गोल गोल, एकाच दिशेने.

हे मोरोक्कोतलं फेझ शहर. जुन्या शहरातल्या, म्हणजे इथल्या भाषेत मदिनेतल्या, एका घराची गच्ची. गुरुवार आहे, उन्हं कलली आहेत. परातीसमोर बसल्यात त्या या घरातल्या आजी. मोरोक्कोत वडीलधाऱ्या बाईला मानाने 'लाल्ला' म्हणतात. नातवंडं, शेजारीपाजारी, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळे त्यांना लाल्लाच म्हणतात. दोन दिवसांत आमच्याही तोंडी तेच बसलं.

लाल्ला कुसकुस वळतायत.

कुसकुस म्हटलं की आपल्याकडे सुपरमार्केटातलं पाकीट आठवतं. गरम पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, झालं. ते पाकीट जरा बाजूला ठेवा.

(जवळून : पाण्याची वाटी, बोटं, रव्यावर पडणारे थेंब.)

या परातीचं नाव गसआ. तिच्यात जाडा रवा आहे. गहू ड्युरम जातीचा, कठीण आणि पिवळसर. आपला बन्सी गहू त्याच जातकुळीतला. लाल्ला मिठाच्या पाण्यात बोटं बुडवतात आणि रव्यावर पाणी झटकतात. थेट ओतलं तर सगळ्याचा लगदा होईल. मग हात फिरतो. ओला झालेला कण शेजारच्या कणाला चिकटायला बघतो, तेवढ्यात वरून चिमूटभर बारीक पीठ पडतं आणि त्याला बाहेरून लपेटून घेतं. पुन्हा पाणी, पुन्हा हात, पुन्हा पीठ. पंधरा मिनिटांनी परातीत डोकावलं तर मघाचा रवा कुठे दिसत नाही. त्याच्या जागी मोहरीएवढ्या गोल कण्या सुटसुटीत घरंगळतायत.

आता चाळण्या येतात. जाड चाळणीत वर राहिलेल्या गुठळ्या परत परातीत, फोडायला. बारीक चाळणीतून खाली पडलेला भुगा, तोही परत परातीत, वळायला. मधलं उरतं ते कुसकुस. वाया काही जात नाही. फक्त वेळ जातो, आणि लाल्लांना त्याची घाई नाही.

तेराव्या शतकात मगरिब (वायव्य आफ्रिका) आणि अंदलुसमध्ये (मुस्लिम राजवटीतला स्पेन-पोर्तुगाल) लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकांत कुसकुसची कृती सापडते. हे वळणं त्याहून जुनं असणार. उत्तर आफ्रिकेच्या मूळच्या अमाझिग लोकांच्या बोलीत याचं नाव सक्सू. 2011 च्या राज्यघटनेने अमाझिग भाषेला अरबीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. स्वयंपाकघरात तिचा दर्जा कधी गेलाच नव्हता.

(दृश्य : गच्चीवर आणखी तीन बायका. एकीच्या मांडीवर मूल. गप्पा, हसणं.)

लाल्लांच्या दोन सुना आणि शेजारची एक बाई येऊन बसली. एवढ्या परातीला चार हात पुरत नाहीत. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची असली, तर बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी अशा जमतात. वळायचं, एकदा वाफवायचं, चादरीवर उन्हात खडखडीत वाळवायचं, पिशव्या भरायच्या. अशा एकमेकींच्या घरच्या कामाला तुईझा म्हणतात. पेरणीला, विहीर खणायलाही हाच शब्द, आपल्या इर्जिकीसारखा.

चित्रीकरण करताना आमच्या गटातल्या एकीला आजोळ आठवलं. लग्नघरी आळीतल्या बायका पाटांवर बसून गव्हले करायच्या. मालत्या, नखुल्या, बोटवे. सगळं रव्याच्या कणकेचं, बोटांच्या टोकांनी वळलेलं आणि सुपात वाळत घातलेलं. तिने मोबाईलवर गव्हल्यांचा फोटो शोधून लाल्लांना दाखवला. लाल्लांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला : एवढं लांबट का वळता? गोल का नाही?

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

(खरं सांगायचं तर ही गच्ची एवढी लांबायला नको होती. ठरलं होतं दोन मिनिटांचं. पण संकलनाला बसल्यावर यातलं कापावं असं काही सापडेना.)

(दृश्य : पहाटेची मदिना. अरुंद बोळ, लादलेलं गाढव, "बालाक! बालाक!" अशी हाक.)

शुक्रवार. बालाक म्हणजे बाजूला व्हा. या बोळांत मोटार शिरत नाही. भाजी, गॅसचा सिलिंडर, कातडी, सगळं गाढव-खेचराच्या पाठीवर. लाकडी फळीवर पावाच्या गोल कणका घेऊन निघालेला हा मुलगा भट्टीकडे चाललाय. भट्टीला फर्रान म्हणतात, अख्ख्या मोहल्ल्याची ती एकच. कोणता पाव कुणाचा हे भट्टीवाल्याला फळीवरच्या फडक्यावरूनही कळतं. आज दुपारच्या जेवणात मात्र पावाला काम नाही. आज कुसकुस.

(दृश्य : स्वयंपाकघर. दोन मजली भांडं.)

खालच्या मोठ्या हंड्यात बोकडाच्या नळीचं मटण, कांदा, टोमॅटो, सुंठ, हळद, मिरी, केशराच्या काड्या आणि दोऱ्याने बांधलेली कोथिंबिरीची जुडी. रात्री भिजवलेले काबुली चणे. मोरोक्कोचं केशर येतं दक्षिणेच्या तालिउइन भागातून. इथे ते मोजूनच टाकतात, पण शुक्रवारी टाकतात. वरच्या मजल्यावर बुडाला भोकं असलेलं भांडं, कसकास. मोदकपात्राची जाळी डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच, की इथे खाली साधं पाणी उकळत नाही, रस्सा उकळतो. त्याची वाफ कणीकणीतून वर जाते आणि मटणाचा, केशराचा वास घेऊन जाते.

आता हे बघा.

(अगदी जवळून : कापडाची लांब पट्टी, पीठ-पाण्यात बुडवलेली. दोन भांड्यांच्या सांध्याभोवती गुंडाळली जाते.)

दोन भांड्यांच्या सांध्यातून वाफ निसटली तर कुसकुस कच्चं राहतं. म्हणून ही चिंधी. जुन्या सुती चादरीची फाडलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. ओलं पीठ तापलं की चिंधी सांध्याला घट्ट धरते. घरात प्रेशर कुकर आहे, ओट्यावर समोरच दिसतोय. लाल्लांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

वाफ एकदाच देऊन भागत नाही. कण्यांच्या ढिगातून वर वाफ दिसायला लागली की तिथून वेळ मोजायची. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं परातीत उपडं करायचं, गार पाणी आणि मीठ शिंपडायचं, चटके सोसत हाताने गुठळ्या मोडायच्या. पुन्हा कसकासमध्ये. मग दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वाफेनंतर कणी हातात घेतली तर फुगून हलकी झालेली असते, आणि एकही दुसरीला चिकटलेली नसते. तिच्यावर येतं स्मेन, मीठ लावून मुरवलेलं जुनं लोणी. वास उग्र. आमच्या कॅमेरामनने मान फिरवली. लाल्लांनी ते पाहिलं आणि चमचाभर जास्तच घातलं.

रश्श्यात भाज्या ठरल्या क्रमाने पडतात. कोबी, गाजर, सलगम आधी. झुकिनी आणि लाल भोपळा शेवटी, कारण तो लगेच विरघळतो. सात भाज्यांचं कुसकुस म्हणतात याला. आम्ही मोजल्या तेव्हा सहाच होत्या. सून म्हणाली, चणे धरा.

(दृश्य : दुपार. अजान. दुकानांच्या फळ्या लागतायत.)

मोरोक्कोत सुट्टी शनिवार-रविवारची. शुक्रवार कामाचाच, पण दुपार सैल. फेझच्या मधोमध करवियीन मशीद आहे. 859 साली फातिमा अल-फिहरी या बाईने ती उभारली असं परंपरा सांगते. नमाजाला निघालेले पुरुष, पांढऱ्या जल्लाब्यांची, म्हणजे पायघोळ अंगरख्यांची, रांग, उंबऱ्यावर काढलेल्या चपला. इथल्या मशिदींत बहुतेक ठिकाणी मुस्लिमेतरांना आत जाता येत नाही, त्यामुळे कॅमेरा चपलांपाशी थांबला. वीसेक मिनिटांनी तीच रांग उलटी वाहू लागली, आणि यावेळी पावलं भराभर पडत होती. बोळाबोळांतून एकच वास येत होता.

(दृश्य : गोल बुटकं मेज. लाल्ला परात घेऊन येतात.)

कुसकुसचा डोंगर. माथ्यावर खळगा, खळग्यात मटण, त्याच्यावर भाज्या, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभ्या लावलेल्या. वरून पळीपळीने रस्सा. शेजारी ग्लासांत ल्बेन, म्हणजे ताक. आपल्यासारखंच, फक्त जिरं नाही.

घरातला सगळ्यात लहान मुलगा सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत फिरतो. खाली धरलेल्या पितळी भांड्याला म्हणतात तास. आपल्या जुन्या वाड्यांतलं तस्त याच भावकीतलं.

मेजाभोवती नऊ जण. ताट एकच.

मराठी माणसाच्या मनात इथे एक शब्द उभा राहतोच : उष्टं. मुंबईत बोहरी घरी थाळाभोवती बसून जेवलेल्याला नवल वाटणार नाही, पण बाकीच्यांनी परातीकडे जरा नीट बघावं.

(वरून घेतलेलं दृश्य : परात घड्याळाच्या तबकडीसारखी. नऊ हात.)

बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात झाली. बघा, प्रत्येक जण आपल्या समोरूनच खातोय. परातीवर रेघ ओढलेली नाही, पण प्रत्येकाचा कोन ठरलेला आहे आणि दुसऱ्याच्या कोनात हात जात नाही. पायथ्यापासून खात खात वर सरकायचं. काही जण चमचा घेतात. लाल्ला हाताने खातात : उजव्या तळहातावर थोडं कुसकुस, दोनतीन हलके हिसके, त्याचा गोळा होतो, अंगठ्याने तोंडात. तळहाताची तीच गोल चाल, जी काल गच्चीवर पाहिली.

माथ्यावरच्या मटणाला कुणी हात लावत नाही. ते वाटायचं लाल्लांनी. त्या बोटांनी तुकडे सोडवतात आणि एकेकाच्या कोनात ढकलतात. पाहुण्याला मोठा, नोकरीवरून घाईने आलेल्या मुलाला हाडाचा, स्वतःला सगळ्यात शेवटी.

आता या धाकट्याकडे बघा. नियम त्याला पाठ आहे. दुसऱ्याच्या कोनात हात घालायचा नाही. पण भोपळ्याची फोड आजीच्या बाजूला आहे. मग त्याने काय केलं? आपल्या कोनातून चमच्याने बोगदा खणायला घेतला. डोंगराच्या पोटातून, गुपचूप, भोपळ्याच्या दिशेने. लाल्लांचं लक्ष समोर, बोलणं सुनेशी चाललेलं. बोगदा अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी तिकडे न बघताच एका बोटाने फोड ढकलली. ती घरंगळत थेट त्याच्या चमच्यापाशी.

(इथे निवेदन नाही. वीस सेकंद फक्त जेवण.)

16 डिसेंबर 2020 रोजी युनेस्कोने कुसकुसचं ज्ञान आणि त्याच्या रीती मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतल्या. अर्ज चार देशांनी मिळून केला होता : मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, मॉरिटानिया. मोरोक्को आणि अल्जीरियामधली जमिनीवरची सीमा 1994 पासून बंद आहे आणि कुसकुस मूळचं कुणाचं यावर दोन्हीकडे भरपूर तोंडं वाजतात. तरी या एका अर्जावर सह्या दोघांच्या.

बाकी बदल होतायतच. सरकारी कचेऱ्यांत 2005 पासून दुपारची लांब सुट्टी जाऊन सलग वेळ आली, कॅसाब्लांकासारख्या शहरांत दुपारी घरी पोचणं अवघड झालं, तयार कण्यांची पाकिटं घरोघरी आहेत, ड्युरम गहू कॅनडाहूनही येतो, आणि लागोपाठच्या दुष्काळाने कळप इतके रोडावले की 2025 च्या बकरी ईदला राजानेच लोकांना मेंढ्याची कुर्बानी न देण्याचं आवाहन केलं. या घरातली धाकटी सून बँकेत आहे. तिला वळता येतं का, हे आम्ही कॅमेऱ्यासमोर विचारलं नाही.

(दृश्य : अर्धी उरलेली परात. लाल्ला एका खोलगट ताटात कुसकुस काढतात, वर दोन भाज्या, मटणाचा एक तुकडा.)

हे ताट घरच्यांचं नाही. शुक्रवारी थोडं बाहेर जातं : मशिदीच्या दाराशी, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याकडे, बोळाच्या रखवालदाराला. धाकटा ताट घेऊन निघाला. बोळाच्या वळणापर्यंत आम्ही त्याच्या मागे गेलो.

परत आलो तर मेज पुसून झालं होतं. हंडा धुतलेला. सांध्याची ती चिंधी खिडकीच्या गजाला वाळत घातलेली. आम्ही सामान आवरायला लागलो. लाल्ला स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात परात, परातीत आमच्यासाठी राखलेला एक कोन, माथ्यावर मटण तसंच. चित्रीकरणाच्या नादात आपण जेवलो नाही, हे आमच्या लक्षातही नव्हतं. त्यांनी परात जमिनीवर ठेवली, कॅमेऱ्याच्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाल्या :

"कूल, कूल."

खा, खा.

(काचेवर हात. अंधार.)