भिंतीला लागला तर दोन

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारी आपली मंडळी नायगारा बघतात, न्यूयॉर्कला जाऊन स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघतात आणि उरलेला वेळ नातवंडं सांभाळतात. बेसबॉलचा सामना बघायला फारसं कुणी जात नाही. 'ते काही आपल्याला कळायचं नाही' हे सांगायचं कारण. खरं कारण, घरात क्रिकेट असताना त्या दांडक्याच्या खेळाकडे कशाला बघायचं, हा आपला तोरा. माझी लेक बॉस्टनजवळ राहते. तिच्याकडे गेले की एखाद्या संध्याकाळी आम्ही फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानावर जातो. आज तुम्हालाही तिथे नेणार आहे.

तिकडे गाडीनं जाऊ नका. पार्किंगचे दर ऐकूनच सामना बघायची इच्छा मरते. ग्रीन लाइनची ट्रॅम पकडायची आणि केनमोर स्टेशनला उतरायचं. पुढे पत्ता विचारायची गरज नाही. लाल 'बी' अक्षराच्या गडद निळ्या टोप्या जिकडे चालल्या असतील, तिकडे आपणही चालू लागायचं. रस्त्यात कांदा आणि ढोबळी मिरची परतून सॉसेज विकणाऱ्या गाड्या लागतात. शाकाहारी मंडळींनी आत गेल्यावर भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांवर भिस्त ठेवावी. शेंगवाला चार रांगा खालून पुडा नेमका आपल्या हातात फेकतो आणि पूर्वी पैसे माणसांच्या हातांतून त्याच्याकडे पोहोचायचे. टरफलं सगळेजण बिनदिक्कत पायाशी टाकतात. टिळकांच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाला तिथे जरा चुकल्यासारखं होतं, कारण इथे शेंगा सगळ्यांनीच खाल्लेल्या असतात!

फेनवे पार्क हे बॉस्टन रेड सॉक्स संघाचं मैदान. इथला पहिला अधिकृत सामना 20 एप्रिल 1912 रोजी झाला. टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झाले होते. आज वापरात असलेल्या मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, मैदानांत हे सगळ्यात जुनं. शिकागोचं रिगली फील्ड त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटं. आपल्या मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 चं, म्हणजे फेनवेपुढे तेसुद्धा पोरच.

आणि जुन्या शहरात मिळेल त्या जागेवर बांधलं की जे होतं तेच इथे झालंय. मैदान वाकडं आहे. डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट नावाचा रस्ता आडवा आला, त्यामुळे त्या बाजूला मैदान पसरायला जागाच उरली नाही. मग तिथे उंच भिंत घातली. फुकट्या प्रेक्षकांना बाहेरून सामना दिसू नये, हाही हेतू होताच. आजची भिंत 37 फुटांहून थोडी जास्त उंच आहे, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. 1947 साली तिच्यावरच्या जाहिराती काढून ती हिरवी रंगवली. सगळे तिला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. आमच्या चौकातल्या क्रिकेटचे नियम चौकानंच ठरवलेले असायचे. जिन्यात गेला तर दोन, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत थेट गेला तर आऊट, नळाच्या टाकीला लागला तर चार. मुलगी म्हणून मला कायम जिन्याखालची फिल्डिंग, त्यामुळे चेंडू कुठल्या पायरीवरून कसा उसळतो हे मला पक्कं ठाऊक. फेनवे पार्क म्हणजे तोच चौक, फक्त सदतीस हजार माणसं बसवलेला. ही माझी कल्पना नाही बरं का! बेसबॉलमध्ये प्रत्येक मैदानाचे स्वतःचे नियम खरोखरच लिहून ठेवलेले असतात. फेनवेच्या भिंतीत खाली गुणफलक आहे. चेंडू त्याच्या फटीतून आत गेला तर फलंदाजाला दोन बेस, म्हणजे एका रनची निम्मी वाट. भिंतीवर एक लोखंडी शिडीसुद्धा आहे. पूर्वी भिंतीच्या वर जाळी होती, तिच्यात अडकलेले चेंडू काढायला माणूस शिडीनं चढायचा. 2003 साली जाळीच्या जागी खुर्च्या आल्या, शिडीचं काम संपलं, पण ती काढली नाही. तर चेंडू शिडीच्या टोकाला आपटून बाहेर उडाला, तरी दोनच बेस. आमच्या चौकातल्या पोरांनी हा नियम एका दमात मान्य केला असता.

ज्यांना हा खेळ अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 90 फूट बाजूचा चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. फटका मारायचा, धावत सुटायचं, चौकोन पूर्ण करून घरी परत आलात की एक रन. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते आणि प्रत्येक संघाला अशा नऊ पाळ्या. पिचर 60 फूट 6 इंचांवरून चेंडू फेकतो, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षाही जवळून. टप्पा नाही. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात आणि हातातली बॅट गोल. म्हणून दहा वेळांत तीनदा चेंडू जागा बघून मारणारा फलंदाजसुद्धा इथे मोठा मानला जातो. सामना रेंगाळतो ही जुनी तक्रार होती. 2023 पासून पिचरवर घड्याळ लावलंय, ठरल्या सेकंदांत त्यानं चेंडू टाकलाच पाहिजे. तीन तासांच्या वर जाणारा सामना आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो.

आता भिंतीकडे परत. डाव्या कडेनं ती फलंदाजापासून फक्त 310 फुटांवर आहे. जो उंच उडालेला झेल दुसऱ्या मैदानात फिल्डर आरामात घेईल, तो इथे भिंतीवरून पलीकडे जातो आणि होमरन ठरतो, म्हणजे एकाच फटक्यात सगळा चौकोन पूर्ण. उलट दुसरीकडे प्रेक्षकांत जाऊन पडला असता असा सणसणीत सपाट फटका इथे भिंतीवर आदळून खाली येतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवर उभा राहून हात चोळतो. एकाला फुकटचं मिळतं, दुसऱ्याचं हक्काचं जातं. परगावचे पिचर इथे आले की सारखी मान वळवून भिंतीकडे बघत असतात.

ही भिंत घरच्यांनाच कळते. तिच्यासमोर उभं राहणाऱ्या डाव्या बाजूच्या फिल्डरला, चेंडू पत्र्यावर लागला तर किती उसळेल आणि सांध्यावर लागला तर कुठे मरेल, हे अंगवळणी पडावं लागतं. टेड विल्यम्स, त्यांच्यामागून कार्ल यास्त्रेम्स्की, त्यांच्यामागून जिम राइस अशा तिघांनी मिळून जवळपास पन्नास वर्षं ती जागा राखली आणि तिघंही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेले. यास्त्रेम्स्की तर चेंडू भिंतीला लागायच्या आधीच पाठ फिरवून तो जिथे येणार तिथे जाऊन उभे राहायचे, असं जुने प्रेक्षक सांगतात. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. मी जिन्याखाली तेच करायचे.

भिंतीतला गुणफलक अजून हातानं चालतो. भिंतीच्या आत एक अरुंद, सिमेंटची खोली आहे. तिथे माणसं बसतात, फटीतून सामना बघतात आणि आकड्यांच्या पाट्या लावतात. 1975 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्याच खोलीत टीव्हीचा एक कॅमेरा होता. बरोबरीमुळे सामना लांबला आणि बाराव्या पाळीत रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कनं चेंडू डाव्या कडेला उंच मारला. चेंडू हद्दीच्या खांबाच्या आत राहील की बाहेर जाईल, कुणालाच कळेना. फिस्क पहिल्या बेसकडे जाता जाता दोन्ही हातांनी चेंडूला 'आत ये, आत ये' असं खुणावत होता. चेंडू खांबाला लागला, म्हणजे होमरन. कॅमेरा चेंडूमागे न जाता फिस्कवरच राहिला, म्हणून ते हात साऱ्या अमेरिकेनं बघितले. कॅमेरामनच्या पायाशी उंदीर आला होता, त्यामुळे त्याचं चेंडूकडे लक्षच राहिलं नाही, असंही सांगतात. दुसऱ्या दिवशी रेड सॉक्स सातवा सामना हरले, ही गोष्ट मात्र बॉस्टनमध्ये कुणी आपणहून काढत नाही.

हरण्याची त्यांना सवयच होती. 1918 साली ते जिंकले, मग बेब रूथसारखा खेळाडू त्यांनी न्यूयॉर्कच्या यांकींना विकून टाकला आणि पुढची 86 वर्षं वर्ल्ड सिरीज काही हाती आली नाही. 2004 साली त्याच यांकींविरुद्ध तीन सामने मागे पडल्यावर सलग चार जिंकून ते पुढे गेले आणि अजिंक्यही झाले. त्या आठवड्यात लोक दफनभूमीत जाऊन आई-वडिलांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि पताका ठेवून आले.

एका सामन्याला माझ्या शेजारी एक पिकलेले गृहस्थ बसले होते. गुडघ्यावर वही, हातात आखूड पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी टिपत होते. मी डोकावतेय हे बघून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मैदानावरच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. पिचर एक, फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर दोन, असं करत करत उजव्या कोपऱ्यातला फिल्डर नऊ. म्हणून त्यांनी '6-4-3' लिहिलं की समजायचं, सहा नंबरनं चेंडू उचलला, चारकडे फेकला, त्यानं तीनकडे, आणि एका फटक्यात दोन गडी तंबूत. तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू वाया घालवून, गडी गेला तर इंग्रजी 'के'. आणि शेवटचा चेंडू बघत नुसताच उभा राहिला तर तोच 'के' उलटा. त्या उलट्या 'के'वर ते गृहस्थ असे काही खूश होत, की मी पुढच्या पाळ्यांत त्याचीच वाट बघत बसले.

सगळा सामना एका पानावर मावतो. ही पद्धत रुजवली हेन्री चॅडविक यांनी. जन्म इंग्लंडमधला, 1824 चा. न्यूयॉर्कमध्ये ते क्रिकेटचे वार्ताहर होते. बेसबॉलचा नाद लागला तेव्हा क्रिकेटच्या स्कोअरबुकावरून त्यांनी बेसबॉलचं गुणपत्रक बेतलं. मघाच्या त्या तोऱ्याला हवं तर एवढं खाद्य पुरे.

या मैदानाची एक बाजू मात्र काळी आहे. 1945 साली कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांना फेनवेवर चाचणीला बोलावलं आणि परत पाठवलं. दोन वर्षांनी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले, आधुनिक मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले आणि इतिहास घडला. रेड सॉक्सनं आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो 1959 मध्ये. तेव्हाच्या सोळा संघांत सर्वांत शेवटी. हे ऐकताना आपले दलित गोलंदाज पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्यांना आणि सवर्णांना गोलंदाजी टाकायची, पण चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात, मंडपाबाहेर. फेनवे उघडायच्या आदल्याच वर्षी, 1911 मध्ये, इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही; ते 1923 साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. बॉस्टनमध्ये त्या काळचे मालक टॉम यॉकी यांचं नाव मैदानालगतच्या रस्त्याला होतं, ते 2018 साली काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं. पण गुणफलकावर नीट बघा. पांढऱ्या उभ्या रेघांत बारीक ठिपके आणि दांड्या दिसतील. ती यॉकी पतिपत्नींची आद्याक्षरं आहेत, मोर्स कोडमध्ये. ती अजून आहेत.

क्रिकेटवाल्याला सगळ्यात नवल वाटतं ते चेंडूचं. आपल्याकडे प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत द्यावा लागतो. इथे ज्याच्या हातात पडला त्याचा. म्हणून लहान पोरं चामडी ग्लोव्ह घालूनच येतात. माझी नात मला बजावते, "आजी, फोन आत ठेव आणि चेंडूकडे बघ." ती गंमत म्हणून सांगत नाही. कडेनं सुटलेला चेंडू डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अंगावर येतो. पुढच्या रांगांसमोर आता जाळी असली, तरी सगळीकडे नाही. उजव्या बाजूला दूरवर, हिरव्या खुर्च्यांच्या रांगांत एकच खुर्ची लाल आहे. 9 जून 1946 रोजी टेड विल्यम्स यांचा फटका तिथे पोहोचला होता, 502 फुटांवर. तिथे बसलेल्या प्रेक्षकाची गवती हॅट फुटली. चेंडू येताना त्याला दिसलाच नाही, डोळ्यांवर ऊन होतं.

जाणार असाल तर चार गोष्टी. संध्याकाळचा सामना असेल तर फाटक उघडतानाच आत जा, सरावात मारलेले चेंडू भिंतीवरून जाताना बघायला मिळतात. एप्रिलमध्ये असाल तर पेट्रियट्स डेचा, म्हणजे तिथल्या सुट्टीचा, सोमवार साधा. त्या दिवशी सामना सकाळीच सुरू होतो आणि संपल्यावर बाहेर बॉस्टन मॅरेथॉनचे धावपटू बघायला मिळतात. सामने नसतानाही मैदान आतून दाखवण्याच्या फेऱ्या वर्षभर असतात. एखादा गडी खेळत असताना जागेवरून उठू नका, मागचे ओरडतात. आठव्या पाळीच्या मध्ये सगळं मैदान उभं राहून एक जुनं गाणं म्हणतं, शब्द येत नसले तरी उभ्या राहा, ओठ हलवा. स्वेटर न्या, जूनमध्येसुद्धा. निळ्या लाकडी खुर्च्या 1934 च्या आहेत आणि त्या काळी माणसांचे गुडघे बहुधा लहान असावेत. उजव्या बाजूच्या काही खुर्च्यांची तोंडं फलंदाजाकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहेत, तेव्हा ज्यांची मान आधीच दुखते त्यांनी तिकडची तिकिटं घेऊ नयेत. आणि छताला आधार द्यायला जुने लोखंडी खांब आहेत. स्वस्त तिकिटावर 'खांब आडवा येतो' अशी सूचना दिलेली असेल, तर ती अगदी खरी असते.

नमस्कार.