कोडं सुटल्यावर सुरू होणारं कोडं

नमस्कार मंडळी, आज जरा डोकं पिकवणाऱ्या गोष्टीबद्दल बोलूया, म्हणजे इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्ड, आडवळणी इशाऱ्यांवरून शब्द ओळखायचं शब्दकोडं, आणि त्यातही सगळ्यात खडूस समजला जाणारा लिसनर क्रॉसवर्ड. बीबीसीचं लिसनर नावाचं साप्ताहिक होतं, रेडिओवरची भाषणं छापायचं, त्यात २ एप्रिल १९३० ला हे कोडं सुरू झालं. साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडलं पण कोडं काही हटलं नाही, आता ते लंडनच्या टाइम्समध्ये शनिवारी येतं.

साधं क्रिप्टिक कसं असतं ते आपण मराठीतच बघू. 'औषध उलटलं की तंटा', दोन अक्षरं, हा झाला क्लू, म्हणजे इशारा. औषध म्हणजे दवा, उलटा केला की वाद, आणि वाद म्हणजेच तंटा. झालं, सुटलं! आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये दंडकच घातला, की वाचणाऱ्याला खुशाल चकवा, पण लिहिलेल्या शब्दांतून उत्तर चोख निघालंच पाहिजे.

तर लिसनरवाला काय करतो, क्लूमधल्या तंटाच्या जागी घंटा छापतो. मुद्दाम. वर सूचना एवढीच की काही क्लूंमध्ये एकेक अक्षर चुकीचं आहे, कुठल्या ते तुम्ही बघा. मग खरी अक्षरं, म्हणजे इथला तं, अशी वेचून ओळीने लावायची, त्यातून एक वाक्य निघतं, आणि ते वाक्य सांगतं की भरलेल्या चौकटीत आता अमुक अक्षरं बदला, म्हणजे रात्र जागून भरलेलं स्वतःच खोडायचं, आणि बदलल्यावरही सगळीकडे खरेच शब्द दिसले पाहिजेत. कधीकधी तर चौकट कापून घडीसुद्धा घालायला लावतात.

लोक म्हणतात अवघड शब्दांमुळे जमत नाही. मला नाही पटत. चेंबर्स डिक्शनरी शेजारी ठेवली की कसलाही जुनापुराणा स्कॉटिश शब्द सापडतो. खरी गोची ही की नेमकं करायचंय काय तेच शोधायचं असतं.

बाकी हा छळ आहे हे रचणाऱ्यांनी कधी लपवलं नाही हं. ऑब्झर्व्हर पेपरातल्या रचनाकारांची टोपणनावं बघा, १९२६ पासून टॉर्केमादा, मग झिमेनेस, १९७२ पासून अझेद, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधला डेझा (Deza) उलटा. तिन्ही नावं स्पेनमधल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माच्या नावाखाली लोकांना छळणाऱ्या अधिकाऱ्यांची!

आणि लिसनरला उत्तरं पाठवणाऱ्यांचा वर्षभराचा हिशोब ठेवतात बरं का, एक अक्षर चुकलं तरी सगळी बरोबर असलेल्यांच्या यादीतून नाव गेलं. त्यातून दर तीन महिन्यांनी एक कोडं निव्वळ गणिताचं येतं, म्हणजे शब्दकोडं, पण चौकटीत भरायचे नुसते आकडे.