ओट्यावरून उठताना

(पहाट. अमळनेर तालुक्यातलं एक गाव. ओट्यावर बसलेले आबा.)

उठण्याआधी आबा दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकवतात. जोर लावतात, पुन्हा बसतात. दुसऱ्या खेपेला उठतात. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन बैलगाडीत टाकणारा हा माणूस. विचारलं तर म्हणतात, "बठता येस भाऊ, पन उठता येत नही."

घरचे म्हणतात, वय झालं. झालंच आहे. पण एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर जास्तच. वजनकाट्याला ते कळत नाही, कारण मांसाच्या जागी चरबी येऊन बसते. सर्वाधिक झिजतात ते चटकन जोर लावणारे तंतू. तोल गेल्यावर पाय झटक्यात पुढे टाकतात ते हेच. न्हाणीत पाय घसरला की म्हातारी माणसं सावरत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. १९८९ मध्ये अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे: मांसाची वानवा.

(केळीच्या बागेत घड उचलणारे तरुण मजूर.)

तरुण शरीरात स्नायू रोज मोडतो आणि रोज बांधला जातो. बांधण्याचा हुकूम हार्मोन्स देतात. पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला सुमारे १ टक्क्याने उतरतं, हळूहळू, न जाणवता. बायकांना एवढी सवड मिळत नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी थांबते आणि काही वर्षांतच इस्ट्रोजेन कोसळतं. तेव्हाही त्या बाईची कापूसवेचणी चालूच असते. कंबर दुखते म्हणून ती मलम लावते. मांड्यांतलं बळ चाललंय, हे तिला कुणी सांगत नाही. मला ही गोष्ट फार लागते.

मग कमी झालेलं हार्मोन बाहेरून टोचलं तर?

१९९० मध्ये अमेरिकेत डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोनची, म्हणजे वयाबरोबर असंच उतरणाऱ्या वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं दिली. चरबी सोडून उरणारं शरीराचं वजन ८.८ टक्क्यांनी वाढलं. म्हातारपणावर औषध सापडलं, असा गवगवा झाला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की मांस वाढतं, पण ताकद त्या मानाने वाढत नाही. वर अंगावर सूज आणि सांधेदुखी.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या १० जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. आठ आठवडे. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हार्मोन्स ओसरलेल्या वयातही स्नायू ओझ्याला ओ देतो, हे तिथे दिसलं. त्या बातमीचा मात्र एवढा गाजावाजा झाला नाही.

(चूल. परातीत कळण्याचं पीठ.)

ओ द्यायला स्नायूला अन्नही लागतं. उतारवयात स्नायू प्रथिनांना आळशीपणे दाद देतो, म्हणून वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.) आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, तो उगाच नाही. पण म्हातारपणी दात जातात आणि ताटात चहा-बटर येतं. भाकरी वरणात कुस्करून द्या, दही द्या, चालत असेल तर अंडं द्या.

(अंगण. भिंतीला टेकवलेली खुर्ची.)

हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तपासणी करावी. सून मोबाइलवर वेळ लावते. तिसऱ्या वेळी आबांचा हात आपसूक गुडघ्यावर जातो.

"आबा, हात."

आबा हात पुन्हा छातीशी बांधतात. सून घड्याळ शून्यावर आणते.