बेडकाच्या अंड्यांची माळ

श्रोतेहो, नमस्कार.

केनियात न्येरीजवळच्या इहिथे गावातली एक लहान मुलगी ओढ्यावर पाण्याला जायची. ओढ्याकाठी मुगुमोचं मोठं झाड होतं. आपल्या वड-उंबराच्या कुळातलं. आईची सक्त ताकीद होती, या झाडाची वाळकी काटकीसुद्धा सरपणाला आणायची नाही, हे देवाचं झाड. पाण्यात बेडकाची अंडी मण्यांसारखी चमकायची. माळ करून गळ्यात घालावी म्हणून मुलगी ती उचलायला जायची, आणि दर वेळी ती बोटांतून निसटायची.

ही वंगारी मथाई. जन्म १९४० चा. घरच्या मुलग्यांबरोबर तिलाही शाळेत घालावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. थोरल्या भावानं एकदा आईला विचारलं, वंगारी का येत नाही शाळेत? आईला नाही म्हणायला कारण सापडेना. एवढ्याशा प्रश्नावर पुढचं सगळं उभं राहिलं. पुढे मिशनच्या वसतिगृहात किकुयू, म्हणजे घरची मातृभाषा, बोललं की गळ्यात बिल्ला अडकवायचे, संध्याकाळी ज्याच्याकडे बिल्ला त्याला शिक्षा. असे बिल्ले आपल्याकडच्याही काही श्रोत्यांना आठवत असतील!

१९६० साली केनियाचे पुढारी टॉम म्बोया यांच्या खटपटीतून शेकडो तरुण विमानानं अमेरिकेला शिकायला गेले. त्यांत वंगारीही होती. कॅन्ससमधल्या ॲचिसन गावात, ख्रिस्ती जोगिणींच्या कॉलेजात तिनं जीवशास्त्र घेतलं, मग पिट्सबर्गला एम.एस. केलं. १९६६ मध्ये मायदेशी परतली, तर विद्यापीठात कबूल झालेली नोकरी दुसऱ्याच कुणाला दिलेली. तिनं दुसऱ्या विभागात काम मिळवलं आणि १९७१ मध्ये पीएच.डी. झाली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत हा मान मिळवणारी ती पहिली बाई.

आता अहो-जाहो करायला हवं. वंगारीबाईंचं संशोधन होतं गुरांच्या रोगावर. त्यासाठी गोचिड्या गोळा करत खेडोपाडी हिंडताना त्यांना गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि नद्या गाळानं तांबड्या झालेल्या दिसत होत्या. गावी गेल्या, तर मुगुमो तोडलेला होता, ओढा आटला होता. बेडूक कुठले राहणार? मुगुमोची मुळं खडकात शिरून पाण्याला वाट करून देतात, माती धरून ठेवतात. आईची ताकीद शास्त्राला धरून होती, हे कळायला त्यांना दोन देशांत शिकावं लागलं.

पुढे महिला परिषदेत खेड्यातल्या बायका आपली गाऱ्हाणी सांगू लागल्या: सरपण नाही, पाणी चांगलं नाही, पोटाला धड अन्न नाही. माझ्या मते वंगारीबाईंचं पुढारपण इथे सुरू झालं. त्या ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, मग आपण झाडंच का लावू नयेत?

पहिली रोपवाटिका फसली, रोपं वाळून गेली. ५ जून १९७७ ला नैरोबीत सात झाडं लावली, त्यांतलीही बरीचशी मेली. वन खात्यातल्या लोकांचं म्हणणं, झाडं लावायला पदविका लागते. बायकांनी हा मुद्दा फार मनावर घेतला नाही. मका, घेवडा पेरताना कुणी दाखला मागतं का? फुटक्या मडक्यांत बी टाकलं, आसपासच्या झाडांचंच बी वेचलं. जगलेल्या प्रत्येक रोपामागे बाईला चार पैसे मिळायचे. नुसतं लावल्याबद्दल नाही, जगवल्याबद्दल, हे मला फार आवडतं.

ही झाडं पुढे सरकारला खुपू लागली. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उभी करण्याचा सरकारी बेत होता. वंगारीबाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली. संसदेत त्यांची टिंगल झाली, पण इमारत झाली नाही. २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, तोवर त्यांच्या ग्रीन बेल्ट चळवळीची झाडं तीन कोटींवर गेली होती.

२५ सप्टेंबर २०११ ला त्या गेल्या. आपल्यासाठी लाकडाची शवपेटी नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून ती बांबू, लव्हाळं आणि जलपर्णीची विणली.

नमस्कार.